नाणे तेच, काळ नवा

नाणेसंग्राहक ज्या सूचीच्या आधारे आपले नाणे ओळखतो, तिच्यातील प्रत्येक नोंदीत वजन, चिन्हे व अक्षरे यांचे निरीक्षण आणि त्यावरून काढलेला राजा व काळ यांविषयीचा निष्कर्ष अशा दोन गोष्टी शेजारीशेजारी नांदत असतात, आणि नव्या संशोधनाने बदलतो तो बहुधा यांतील निष्कर्ष. पश्चिम भारतातील क्षत्रप, म्हणजे शकवंशीय सत्ताधीश, नहपान याची चांदीची नाणी याचे उत्तम उदाहरण ठरतात.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 साली नहपानाच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा उमटवलेला होता. अशा पुनर्मुद्रित नाण्यावर एका बाजूस तीन कमानींचा चैत्य व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह असून, त्यांखाली नहपानाच्या चेहऱ्याचा किंवा ग्रीक अक्षरांचा अर्धवट अंश डोकावत असल्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण, याचा उलगडा त्या नाण्यावरच होतो.

वर्षांचा हिशोब मात्र इतका सरळ नव्हता. ई. जे. रॅप्सन यांनी 1908 साली ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत, नाशिक व जुन्नर येथील लेण्यांत आढळणारी 41 ते 46 ही वर्षे इ.स. 78 पासूनच्या शक संवताची मानून नहपानाला इ.स. 119 ते 124 च्या सुमारास ठेवले. पुढे कच्छमधील अंधौ येथील चष्टन या क्षत्रपाचा वर्ष 11 चा लेख पुण्याच्या शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केला, आणि ते वर्ष शक संवताचे धरल्यास चष्टन इ.स. 89 च्या सुमारास सत्तेवर होता असे ठरते. चष्टनाच्या नाण्यांवर नहपानाच्या वज्र व बाणाच्या जागी सातवाहनांचा चैत्य आलेला असल्याने तो नहपानानंतरचा आहे; तेव्हा नहपानाची वर्षे शक संवताची असू शकत नाहीत, असा युक्तिवाद करून जो क्रिब यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांची मानली व त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकात मागे नेला.

या फेरविचारानंतरही रॅप्सन यांची वर्णने, वाचने व छायाचित्रे उपयोगी राहिली, कारण पुरावा त्यांनी निष्कर्षाइतक्याच काळजीने छापला होता. म्हणूनच संग्राहकाने नाण्याच्या पाकिटावर राजाच्या नावासोबत सूचीचे नाव, तिचे प्रकाशनवर्ष आणि नोंदीचा क्रमांकही लिहून ठेवावा, म्हणजे उद्या काळ बदलला तरी तो कोणत्या आधारावर ठरवला होता हे तपासता येईल.