तुमच्या खासदाराने कोणते बटण दाबले?

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. युद्ध, दुष्काळ, मोठी आपत्ती किंवा भावाची असाधारण उसळी असल्याखेरीज कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया यांच्या साठ्यावर सरकार मर्यादा घालणार नाही, असे ती दुरुस्ती सांगत होती. आदल्या दिवशी निर्यात अडवायची आणि दुसऱ्या दिवशी बाजार मोकळा झाल्याचे जाहीर करायचे, हा विरोधाभास लासलगावच्या कांदा उत्पादकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण त्याने एक साधा प्रश्न विचारला असता, की आपल्या भागाच्या खासदाराने या दुरुस्तीवर काय मत दिले, तर त्याचे उत्तर संसदेच्या दफ्तरात सापडले नसते. ते दडवून ठेवलेले नाही; ते कधी लिहिलेच गेले नाही. विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले होते. त्याच आठवड्यात आलेल्या दोन्ही शेती विधेयकांचेही तसेच झाले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभाजनाची मागणी करत होते, गोंधळ चालू होता, आणि उपसभापतींनी आवाजी मतदानाने विधेयके मंजूर झाल्याचे जाहीर केले. पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमेवर आंदोलन चालले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे तिन्ही कायदे दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना, रद्द झाले. रद्द होतानाही मतदान आवाजीच होते. म्हणजे देश ढवळून काढणारे कायदे आले आणि गेले, पण ते आणणाऱ्या आणि घालवणाऱ्या एकाही खासदाराच्या नावापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लागले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की लोकप्रतिनिधीची राष्ट्रीय प्रश्नांवरची भूमिका त्याच्या भाषणावरून नव्हे, तर त्याच्या मतावरून ठरते. आणि आपण त्या मताची नोंद ठेवण्याची सक्तीच केलेली नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांत नियम ३६७ याबद्दल आहे. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल ‘नाही’ म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा आला याचा निर्णय अध्यक्षांचा कान देतो. कोणी हरकत घेतली तर लॉबी रिकामी करण्याचा आदेश निघतो, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडला जातो, आणि मग बटणे दाबून मतविभाजन होते; तेव्हाच नावानिशी नोंद होते. याच नियमात एक पळवाटही आहे. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते सदस्यांना जागेवर उभे राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी नावे नोंदवायची नाहीत, असे नियम स्पष्ट सांगतो. नावे टाळण्याची सोय इतक्या काळजीने लिहून ठेवलेली पाहून कौतुक वाटते.

ही केवळ दिल्लीची रीत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी महाराष्ट्र विधानसभेत देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. निवडणुकीत भाजपचे १२२ आमदार आले होते, बहुमताला १४५ लागत होते. ४१ आमदारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने निकालाच्याच दिवशी बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले, ते झाले नाही. राष्ट्रवादीच्या आमदारांनी त्या दिवशी बाजूने मत दिले, तटस्थ राहिले की आणखी काही केले, याची नावानिशी नोंद नाही. भाजपच्या विरोधात मते मागून निवडून आलेल्या आमदाराने पहिल्याच मोठ्या परीक्षेत काय केले, हे त्याच्या मतदाराला अधिकृतपणे कधीच कळले नाही. सरकार टिकते की पडते याचा निर्णय कानाने घ्यायचा असेल, तर मग मोजायचे तरी कशासाठी?

मोजण्याची हौस मात्र आपल्याला कमी नाही. खासदाराची हजेरी किती, त्याने प्रश्न किती विचारले, किती चर्चांत भाग घेतला, खासगी विधेयके किती मांडली, याचे आकडे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था नियमित प्रसिद्ध करते. अशाच आकड्यांवर संसदरत्न पुरस्कार दिले जातात, आणि त्यांत सुप्रिया सुळे, श्रीरंग बारणे अशा महाराष्ट्रातल्या खासदारांची नावे वारंवार येतात. हे काम उपयोगाचे आहे, त्यात वाद नाही. पण प्रश्न विचारणे आणि कौल देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीनशे प्रश्न विचारणारा खासदार महत्त्वाच्या विधेयकाच्या वेळी चहाला गेला असेल, तर तो आकडा ते सांगत नाही. फौजदारी कायद्यांची दीडशे वर्षांची चौकट बदलणारी तीन विधेयके डिसेंबर २०२३ मध्ये आवाजी मतदानानेच मंजूर झाली, आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते. तेव्हा कोणी किती प्रश्न विचारले याची यादी समोर ठेवून आपण नेमके काय जोखणार?

नोंद झाली की काय फरक पडतो, हे पाहायचे तर घटनादुरुस्तीची विधेयके पाहावीत. तिथे विशेष बहुमत लागते, म्हणून मोजणी टाळता येत नाही. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. त्या दोन मतांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी यांचे आणि दुसरे तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे. मुस्लिम आणि इतर मागास वर्गातल्या स्त्रियांना या आरक्षणात वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप. तो पटो न पटो, औरंगाबादच्या मतदाराला आपल्या खासदाराने काय केले आणि का केले, हे दोन्ही ठाऊक आहे. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचे उदाहरण याहून बोलके आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ते ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले तेव्हा शिवसेनेने बाजूने मतदान केले, आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत तिने सभात्याग केला. महाविकास आघाडीचे सरकार येऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. हे वळण योग्य की अयोग्य यावर मतभेद असतील. पण मोजणी झाली होती म्हणूनच ते वळण दिसले.

आता पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे खासदार स्वतःच्या बुद्धीने मत देतोच कुठे? १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेले दहावे परिशिष्ट सांगते की पक्षादेश मोडून मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाते. मग पक्षाची भूमिका कळली की खासदाराचे मत कळले. नावे कशाला हवीत? या युक्तिवादात एक गृहीतक दडले आहे: पक्ष म्हणजे स्थिर वस्तू. निदान महाराष्ट्राने तरी ते मान्य करू नये. २०१९ मध्ये निवडून आलेल्या शिवसेनेच्या १८ खासदारांपैकी बहुसंख्य २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. २०२३ मध्ये राष्ट्रवादी दुभंगली. आमदारांचा प्रतोद नेमायचा कोणी, हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले की हा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. अशा राज्यात २०२० मध्ये अमुक विधेयकाच्या बाजूने कोण होते, हे २०२४ च्या पक्षचिन्हावरून कसे ओळखणार? माणूस पक्ष बदलतो, मत मात्र त्याच्याच नावावर राहायला हवे. शिवाय पक्षादेश प्रत्येक विधेयकावर निघतोच असे नाही, आणि गैरहजेरी ही आपल्याकडची जुनी, सोयीची पद्धत आहे. तिहेरी तलाकचे विधेयक ३० जुलै २०१९ रोजी राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झाले. या विधेयकाला विरोध बोलून दाखवणाऱ्या संयुक्त जनता दलाने आणि अण्णाद्रमुकने तेव्हा सभात्याग केला होता. विरोध भाषणात नोंदला गेला आणि विधेयकाची वाटही मोकळी झाली.

पक्षादेशाचा पल्ला आखडायला हवा, हे माझे मत त्यातूनच येते. किहोतो होलोहान प्रकरणात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांतरबंदीचा कायदा वैध ठरवला, पण सदस्यत्व घालवणारा पक्षादेश सरकारवरील विश्वास-अविश्वासापुरता किंवा पक्षाच्या मूळ धोरणापुरता असावा, असे सुचवले. त्याआधी १९९० मध्ये निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीनेही अशीच शिफारस केली होती. यावर घोडेबाजाराची भीती दाखवली जाते: दोर सैल सोडला की खासदार विकले जातील. कायदा येऊन चाळीस वर्षे झाली. बाजार बंद पडलेला दिसत नाही. २००३ मध्ये एक तृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली, तेव्हा किरकोळ फुटीऐवजी घाऊक फुटीची चाल सुरू झाली. सरकार पाडण्याच्या मतावर बंधन राहू द्यावे, ते समजण्यासारखे आहे. पण विदा संरक्षणाच्या किंवा फौजदारी कायद्याच्या एखाद्या कलमावर मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व का जावे? तरीही क्रम लावायचा झाला तर मी नोंद आधी मागेन, मोकळीक नंतर. नोंद नसताना दिलेली मोकळीक म्हणजे खरोखरच बाजार. नोंद असेल तर विकलेले मत निदान दिसेल.

दुसरा आक्षेप असा की नावे जाहीर झाली तर प्रतिनिधीवर जमावाचे आणि पक्षश्रेष्ठींचे दडपण येईल. मतदाराला गुप्ततेचे कवच आहे, मग त्याला का नसावे? कारण मतदार स्वतःसाठी मत देतो आणि प्रतिनिधी दुसऱ्यांच्या वतीने. आणि श्रेष्ठींपासून त्याचे मत आजही लपलेले नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवून मगच पेटीत टाकायची, असा कायदा २००३ मध्ये झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. म्हणजे मत पक्षाला दाखवणे बंधनकारक, आणि ज्याच्या जोरावर ते मत मिळाले त्याला सांगणे ऐच्छिक.

तिसरा आक्षेप मला अधिक प्रामाणिक वाटतो. नुसत्या मताची नोंद दिशाभूल करू शकते. अमेरिकेत हे घडले आहे. इराक आणि अफगाणिस्तानसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या निधीवर जॉन केरी यांनी २००३ मध्ये एका मसुद्याला होकार आणि दुसऱ्याला नकार दिला. त्यामागे पैसा कुठून आणायचा याचा खरा मुद्दा होता. पण २००४ च्या प्रचारात त्यांची प्रतिमा ‘दोन्हीकडून बोलणारा’ अशी झाली ती झालीच. तरी त्याच देशातले दुसरे उदाहरण पाहा. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने इराक युद्धाचा अधिकार ७७ विरुद्ध २३ मतांनी दिला आणि हिलरी क्लिंटन यांचे मत त्या ७७ मध्ये होते. सहा वर्षांनी, उमेदवारीच्या लढतीत, ते मत त्यांच्यापुढे उभे राहिले, आणि युद्धाला सुरुवातीलाच जाहीर विरोध करणाऱ्या बराक ओबामांना त्याचा फायदा झाला. नोंदीचा विपर्यास होतो, हे खरे. पण विपर्यास खोडून काढायलाही नोंदच लागते. तिथल्या राज्यघटनेनुसार उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली की नावानिशी मत लिहावेच लागते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आहेत. त्यांनी अशा प्रत्येक मतदानात काय केले ते बेळगावात बसून वाचता येते. बेळगावच्या स्वतःच्या खासदाराबद्दल तसे म्हणता येत नाही.

उरतो वेळेचा मुद्दा. यंत्राने मतदान घ्यायला घंटेची साडेतीन मिनिटे आणि वर काही क्षण लागतात. एवढा वेळ सभागृहात घोषणाबाजीत रोजच जातो. खरी अडचण वेगळी असावी. लोकसभेची गणपूर्ती एक दशांश, म्हणजे ५५ सदस्यांची, आणि कोणी लक्ष वेधले नाही तर तीही सहसा मोजली जात नाही. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावे नोंदवायची ठरली तर रिकामे बाक दर वेळी छापून येतील, आणि हे सत्ताधाऱ्यांइतकेच विरोधकांनाही नको असते. म्हणून ही मागणी सभागृहातून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती मतदारांनीच करायला हवी: उमेदवार दारात आला की रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर त्याला विचारावे, की गेल्या पाच वर्षांत देशाच्या कोणत्या कायद्यावर तुम्ही काय मत दिलेत, आणि प्रत्येक विधेयकावर मतविभाजन मागायला तुम्ही उभे राहाल का. त्याने कायदेशीर अडचण पुढे केली तर सांगावे, की राज्यघटनेच्या अनुच्छेद ११८ प्रमाणे सभागृह आपले नियम स्वतः ठरवते. नियम ३६७ बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही.