मूर्च्छा आणि आकडी

माणूस अचानक शुद्ध हरपून कोसळतो आणि थोड्या वेळाने आपोआप भानावर येतो, अशा घटनेची दोन प्रमुख कारणे म्हणजे मूर्च्छा आणि अपस्माराची आकडी. मूर्च्छेत मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण अपुरा पडतो. आकडीत मेंदूतील चेतापेशी एकाच वेळी अनावर विद्युत्‌संदेश सोडू लागतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रसंग बरेचसे सारखे दिसतात, उपचार मात्र सर्वस्वी वेगळे आहेत. त्यामुळे अपस्मार नसलेल्या व्यक्तीस वर्षानुवर्षे त्याची औषधे दिली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आढळतात. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या पाहण्यांत अपस्माराचे निदान झालेल्या दर चार-पाच रुग्णांमागे एकास तो विकार नसल्याचे दिसून आले.

नावे

चरकसंहितेत मूर्च्छा आणि अपस्मार यांचा विचार वेगवेगळ्या अध्यायांत केलेला आहे. 'अपस्मार' या शब्दाचा अर्थ स्मृतीचा लोप असा होतो. व्यवहारात मात्र ही सीमारेषा पुसट झाली आहे. घेरी आणि भोवळ हे शब्द मूर्च्छेकडे झुकतात. फेफरे, मिरगी, फीट हे अपस्माराकडे. 'चक्कर आली' एवढेच सांगितले, तर भोवताल गरगरला, डोळ्यांपुढे अंधारी आली की प्रत्यक्ष शुद्ध हरपली, हे डॉक्टरांना खोदून विचारावे लागते. याउलट हातपाय हलले की 'फीट' हा शब्द लगेच उच्चारला जातो आणि एकदा केसपेपरवर चढला की सहसा पुसला जात नाही.

मूर्च्छा

मूर्च्छेचा सर्वाधिक आढळणारा प्रकार प्रतिक्षिप्त क्रियेमुळे होतो. व्हेगस या चेतेच्या प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब एकाएकी उतरतो. शाळेच्या पटांगणावर उन्हात उभा असलेला विद्यार्थी, उपवासाच्या दिवशी देवळाच्या रांगेत ताटकळलेली स्त्री, रक्त पाहून किंवा सुई टोचताना पांढराफटक पडणारा तरुण ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. आधी मळमळ, दरदरून घाम, कानांत आवाज, डोळ्यांपुढे अंधारी अशी पूर्वसूचना मिळते. आडवे होताच मेंदूकडे रक्त पोचते आणि बहुधा अर्ध्या-एक मिनिटात माणूस सावध होऊन आजूबाजूच्यांना ओळखतो. अशा वेळी त्याला धरून खुर्चीत बसवून ठेवणे चुकीचे आहे, कारण त्यामुळे मूर्च्छा लांबते.

मूर्च्छेतही हातपाय झटकतात, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ थॉमस लेम्पर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांमध्ये मुद्दाम मूर्च्छा घडवून तिचे चित्रीकरण केले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पूर्णपणे बेशुद्ध झालेल्या ४२ जणांपैकी सुमारे ९० टक्के जणांचे स्नायू झटकताना दिसले. तेव्हा हातपाय हलले, डोळे वर गेले किंवा कपड्यात लघवी झाली, एवढ्यावरून अपस्मार ठरत नाही.

आकडी

सर्वांगाच्या आकडीत शरीर प्रथम ताठ होते व मग लयबद्ध झटके येतात. हे बहुधा एक ते दोन मिनिटे चालते. चेहरा निळसर पडतो आणि जिभेची कड चावली जाते. त्यानंतरचा गोंधळ सर्वांत बोलका असतो: रुग्ण बराच वेळ भांबावलेला राहतो, घरच्यांना ओळखत नाही, गाढ झोपी जातो, अंग ठणकत असते. झोपेत आलेला झटकाही आकडीकडे बोट दाखवितो. रक्तातील साखर फार उतरणे, मेंदूला झालेली इजा, भारतात पुष्कळदा आढळणारा मेंदूतील फीतकृमीच्या अळ्यांचा संसर्ग यांमुळेही आकडी येते. म्हणून एका झटक्यावरून अपस्मार हे नाव देत नाहीत. साधारणतः उघड कारणाशिवाय, किमान २४ तासांच्या अंतराने दोन झटके आल्यास ते दिले जाते.

हृदयातील दोष

सर्वांत धोक्याची गफलत येथे होते. हृदयाच्या विद्युत्‌क्रियेतील काही आनुवंशिक दोषांत ठोके एकाएकी बेताल होतात, रुग्ण कोसळतो, झटके देतो आणि अपस्माराची गोळी सुरू होते. मूळ दोष तसाच राहतो व पुढचा झटका प्राणघातक ठरू शकतो. धावताना, पोहताना किंवा आडवे असताना शुद्ध हरपणे, आधी छातीत धडधड होणे, कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावलेले असणे, या खुणा दिसल्यास विनाविलंब हृदयतज्ज्ञांकडे जावे. पहिल्याच प्रसंगानंतर साधा ईसीजी काढावा, असे सांगितले जाते ते यासाठीच.

निदान

मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, निर्णायक असतो असा समज आहे. प्रत्यक्षात अपस्मार असूनही तो निर्दोष येऊ शकतो आणि निरोगी माणसातही किरकोळ फरक दाखवितो. निदानाचा खरा आधार म्हणजे प्रसंग पाहणाऱ्याची हकिकत, कारण रुग्णाला स्वतःला मधले काही आठवत नाही. म्हणून प्रत्यक्षदर्शीने डॉक्टरांकडे सोबत जावे. पडण्यापूर्वी रुग्ण काय करीत होता, चेहरा पांढरा पडला की निळा, डोळे उघडे होते की मिटलेले, झटके घड्याळाने किती वेळ चालले, भानावर आल्यावर पहिला शब्द कोणता उच्चारला, या तपशिलांना मोल आहे. मोबाइलवरचे चित्रीकरण तर अनेकदा महागड्या तपासणीहून उपयोगी पडते. चालू असलेल्या औषधांची यादीही न्यावी. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही मूर्च्छा येते.

तातडीची मदत

मूर्च्छेत रुग्णाला उताणे निजवून पाय उंच करावेत. आकडीत त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याची प्रथा अद्याप टिकून आहे. आकडी मिनिटा-दोन मिनिटांत आपसूक थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. झटका पाच मिनिटांहून अधिक चालल्यास किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

चुकीच्या शिक्क्याचे परिणाम

अपस्माराचे नाव लागले की विवाह, नोकरी व वाहन चालविणे यांवर सावट येते. अपस्मारविरोधी औषधांपैकी व्हॅलप्रोएट गर्भास अपायकारक ठरते, त्यामुळे तरुण स्त्रीच्या बाबतीत निदानाची चूक अधिकच महाग पडते. वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही हिंदू विवाह कायद्यातील अपात्रता १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. लोकांच्या मनातून मात्र ती गेलेली नाही, आणि स्थळ मोडेल या भीतीने घरचेच डॉक्टरांपासून अर्धी हकिकत लपवितात. वाहन परवान्याच्या स्वयंघोषणेत अपस्माराबरोबरच कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याविषयी विचारणा असते, म्हणजे ती मूर्च्छेच्या रुग्णासही लागू होते.