दातांची ओळख आणि मुखाची निगा

ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई वसली. तिच्या नियोजनासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. आज या परिसरात नेरूळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. टाटा स्मारक केंद्राचे कर्करोगविषयक उपचार व संशोधन करणारे ‘ॲक्ट्रेक’ हे केंद्रही खारघर येथेच आहे. उपचाराच्या सोयी अशा हाकेच्या अंतरावर असूनही दाढ ठणकू लागल्याखेरीज दंतवैद्याकडे जावयाचे नाही, ही सवय मात्र पुष्कळांच्या अंगवळणी पडलेली आहे. वेदना सुरू होते तेव्हा कीड बहुधा खोलवर पोहोचलेली असते. म्हणूनच दातांच्या रक्षणाचे मुख्य कार्य घरातच पार पडावयास हवे.

दातांची रचना

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु हाड मोडल्यास सांधते, तसे दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आत तुलनेने मऊ असे दंतिन आणि त्याहून आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला दाताचा गाभा असतो. कीड दंतवल्कात असेपर्यंत दुखत नाही; ती दंतिनापर्यंत गेली की थंड-गोड खाताना दात शिवशिवतो आणि गाभ्याला भिडली की रात्रीची झोप उडते.

दुधाचे दात २०. ते साधारणतः सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात. कायमचे दात अक्कलदाढा धरून ३२. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे पालकांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे’ या समजुतीने तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ही दाढ गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. पहिलीच्या वर्गातील शिक्षकांनी ही एक गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगावी.

कीड कशी लागते?

दाताची कीड म्हणजे किडा नव्हे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दंतवल्क झिजते. लाळ हळूहळू या आम्लाचा प्रभाव नाहीसा करते. मात्र त्यासाठी तिला अर्धा तास किंवा त्याहून अधिक अवधी लागतो. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड चहा, बिस्किटे वा चॉकलेट खाल्ल्यास हा अवधी मिळत नाही. त्यामुळे गोड किती खाल्ले, याइतकेच ते किती वेळा खाल्ले, यालाही महत्त्व आहे. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपविणे याच कारणाने अपायकारक ठरते.

घरची निगा

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, मऊ ब्रशाने व फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. झोपेत लाळ कमी होत असल्याने रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. राखुंडी, विटेची पूड किंवा कोळसा यांनी दात क्षणभर उजळ दिसले, तरी दंतवल्क घासले जाते. हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यास घासणे बंद करू नये. ते बहुधा साचलेल्या थराचेच लक्षण असते. हा थर घट्ट होऊन त्याचे किटण बनले, तर मात्र ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. मधुमेही व्यक्तींनी हिरड्यांची विशेष काळजी घ्यावी.

मशेरीचा धोका

तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दंतमंजन म्हणून वापरली जाते. तिने दात स्वच्छ होत नाहीत. व्यसन मात्र जडते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सुपारीमुळेही तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. केंद्र शासनाने १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे घरातील माणसांनीच समजावयास हवे.

महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात, गाल, ओठ, जीभ आणि जिभेखालचा भाग पाहावा. पांढरा वा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण आढळल्यास, किंवा तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावत नसल्यास, विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. असे व्रण आरंभी दुखत नाहीत, हाच त्यांचा मोठा धोका आहे.

गावाची जबाबदारी

२००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करण्यास मनाई आहे. तिचे पालन होते किंवा नाही, यावर पंचायत सदस्यांना व मुख्याध्यापकांना लक्ष ठेवता येईल. अंगणवाडीत जेवणानंतर चूळ भरण्याची सवय लावण्यास खर्च येत नाही. घरी आजी मशेरी लावीत असेल, तर शाळेत ऐकलेली गोष्ट नातवंडाने तिला सांगावी. कदाचित त्याचे ती ऐकेल.