गाडीतला कार्बन : घरी किती, गॅरेजात किती?

कळंबहून सकाळी नेरळ स्टेशन, दिवसभर गाडी उभी, संध्याकाळी परत. अशा जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि काजळी साठत जाते. मग आयडलिंगला थरथर, पिकअप मंद, ॲव्हरेज कमी.

■ आधी प्लग पाहा : इंजिन गार झाल्यावर स्पार्क प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा फेऱ्या फार लहान आहेत. तेलकट काळं असेल तर ऑइल जळतंय. थेट मेकॅनिक गाठा.

■ थ्रॉटल बॉडी : बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून कडा पुसा. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नका.

■ टाकीतलं औषध : पॉलिइथर अमाइन असलेला क्लीनर बाटलीवरच्या मापानेच घाला. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत तो इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतलाच जात नाही. तिथे गॅरेजातच जावं लागतं. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून काजळी उडवतात.

■ हे नकोच : चालू इंजिनात पाणी ओतणं. पाणी दाबलं जात नाही. जास्त गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

■ जवळजवळ फुकटचा उपाय : अधूनमधून कर्जत-मुरबाड रस्त्यावर अर्धा तास सलग फेरी. इंजिन तापल्यावर, वेगमर्यादा पाळून, एक गिअर खाली ठेवा.