फलकामागील माणसे
‘अमूल’ची जाहिरात आणि मुंबईची एक छोटी संस्था

रस्त्याकडेचा जाहिरात फलक वाचण्यास वाटसरूला काही क्षणच मिळतात. तेवढ्या अवधीत वस्तूचे नाव त्याच्या मनावर ठसावे, यासाठी अनेकांचे श्रम खर्ची पडलेले असतात. मजकूर लिहिणारा, चित्र काढणारा, फलक रंगविणारा आणि हे काम सोपविणारी संस्था यांच्यात मेळ असेल, तर मोजक्या माणसांच्या बळावरही प्रभावी प्रचार साधता येतो. मुंबईतील एका छोट्या जाहिरात संस्थेने ‘अमूल’ लोण्यासाठी केलेले काम हे याचे बोलके उदाहरण होय.

उत्पादकांचा माल, शहरातील बाजारपेठ

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ आणंद येथे १९४६ साली स्थापन झाला. त्रिभुवनदास पटेल यांचे नेतृत्व आणि डॉ. व्हर्गीस कुरियन यांचे व्यवस्थापन यांमुळे तो नावारूपास आला. एक-दोन म्हशी बाळगणारी कुटुंबे या संघाची सभासद होती. हिवाळ्यात दुधाचे उत्पादन वाढे आणि जास्तीच्या दुधाचे लोणी व भुकटी करणे भाग पडे. हा माल शहरात खपला नाही, तर त्याची झळ अखेर याच कुटुंबांना बसणार होती. मुंबईत मात्र ‘पोल्सन’ या लोण्याचे नाव आधीच घरोघरी रुजलेले होते.

१९६६ साली अमूलच्या जाहिरातीचे काम मुंबईच्या ‘ए. एस. पी.’ या संस्थेकडे आले. सिल्व्हेस्टर डाकुन्हा हे तिचे प्रमुख आणि युस्टेस फर्नांडिस हे कला दिग्दर्शक होते. पुढे डाकुन्हा यांनी स्वतःची संस्था काढली व हे काम तिच्याकडे आले.

रेषा मोजक्या का?

त्या काळी मोठे फलक हातानेच रंगविले जात. छोट्या नमुन्यावर चौकटी आखून त्याबरहुकूम पेंटर मोठे चित्र उतरवीत. चित्र गुंतागुंतीचे असेल, तर प्रत्येक फलकावर त्याचे रूप बदलण्याचा धोका असे. म्हणून डॉ. कुरियन यांची अपेक्षा दुहेरी होती : चित्र काढण्यास सोपे असावे आणि लक्षात राहणारे असावे. फर्नांडिस यांनी निळ्या केसांची, ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली, नाक न दाखविलेली खट्याळ मुलगी रेखाटली. तिच्या साधेपणामागे कलावंताच्या कल्पनेइतकाच पेंटरच्या कामाचाही विचार होता.

‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ या घोषवाक्यातील ‘बटर्ली’ हा शब्द डाकुन्हा यांच्या पत्नी निशा यांनी सुचविला. त्या इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. व्याकरणाच्या दृष्टीने तो शब्द सदोष होता. पण कानाला गोड होता आणि चटकन ध्यानात राहत होता.

ताज्या घटना आणि लोकांची भाषा

हळूहळू फलकांवर चालू घडामोडींना स्थान मिळाले. निवडणूक, क्रिकेट, चित्रपट अशा विषयांवर ही मुलगी मिस्कील भाष्य करू लागली. याच संस्थेत काम केलेले, मराठी रसिकांस परिचित असलेले नाट्यकर्मी भरत दाभोळकर यांनी १९८० च्या दशकात बोलीतील हिंदी-इंग्रजी मिश्रण फलकांवर आणले. एका गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ अशी ओळ झळकली. तिच्यावर आक्षेपही घेतला गेला. १९९० च्या दशकात सिल्व्हेस्टर यांचे पुत्र राहुल यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्यासमवेत मजकूर लेखक मनीष झवेरी आणि चित्रकार जयंत राणे यांनी दीर्घकाळ काम केले. विषय, ओळ आणि चित्र अशी ही तीन माणसांची कामवाटणी होय. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

विश्वासाचे मोल

या कामाचे मर्म मात्र आणंद येथे घेतलेल्या एका निर्णयात आहे. प्रत्येक फलक मंजुरीसाठी आपल्याकडे पाठवू नये, असे डॉ. कुरियन यांनी संस्थेस सांगितले होते. घटनेचा ताजेपणा चार-आठ दिवसच टिकतो. मजकूर टेबलाटेबलांवरून फिरत राहिला, तर फलक लागेपर्यंत विषय शिळा होतो. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीवर सूचक कोटी करणारा फलकही लागला. ‘स्टरिलायझेशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ नसबंदी असाही होतो आणि निर्जंतुकीकरण असाही. त्यावरच ती कोटी बेतलेली होती. अर्थात, मोकळीक म्हणजे बेजबाबदारपणा नव्हे. वस्तू, घोषवाक्य आणि मुलीचे रूप ही चौकट पक्की होती आणि मोकळीक त्या चौकटीच्या आत होती.

लसीकरण, पाणीपट्टी वा ग्रामसभेचा प्रचार करणाऱ्या संस्थांनाही यातून घेण्यासारखे बरेच आहे. एका फलकावर एकच गोष्ट सांगावी. ती गावच्या बोलीत सांगावी. सांगायचे काय हे समितीने आधी निश्चित करावे. कसे सांगायचे हे लेखक व चित्रकारावर सोपवावे आणि अंतिम संमतीचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा. सर्व सदस्यांच्या सूचना सामावून घेण्याच्या नादात फलक मजकुराने भरून जातो आणि लसीकरणाची तारीख कोपऱ्यात दिसेनाशी होते. तारीख न वाचताच पुढे गेलेल्या मातेचे बाळ लसीविना राहते.