दशांशचिन्हाचा देशाचार

बारा लक्ष चौतीस हजार पाचशे सदुसष्ट पूर्णांक एकोणनव्वद शतांश ही एकच राशी मराठी वाचक १२,३४,५६७.८९ अशी लिहितो, जर्मनीतील हिशेबनीस १.२३४.५६७,८९ अशी नोंदवितो, आणि फ्रान्समधील मुद्रक सहस्रांच्या गटांमध्ये अरुंद रिकामी जागा सोडून दशांशासाठी स्वल्पविराम योजितो. वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ साली, आणि पुनश्च २००३ साली, दशांशासाठी बिंदू व स्वल्पविराम ही दोन्ही चिन्हे ग्राह्य मानली, यावरून हा देशाचार किती दृढमूल आहे हे ध्यानी यावे.

संगणकाच्या स्मृतीत मात्र राशीला विरामचिन्हच नसते. ते तिला लाभते पडद्यावर येताना. जावा भाषेत हे कार्य 'नंबरफॉरमॅट' करतो. 'लोकेल' म्हणून जो देश व जी भाषा सांगावी तिचा शिरस्ता तो पाळतो, आणि त्या शिरस्त्यांचा तपशील, जावाच्या नवव्या आवृत्तीपासून, युनिकोड संस्थेच्या 'सीएलडीआर' या सामायिक संग्रहातून घेतला जातो. त्याच संग्रहाच्या आधारे जावास्क्रिप्टला मराठी लोकेल सांगितले असता देवनागरी अंक आणि लक्ष-कोटींची गटवारी ही दोन्ही आपसूक मिळतात.

खरा धोका लिहिण्यात नसून वाचण्यात आहे. '१.२३४' हा मजकूर जर्मन लोकेलने वाचला तर एक हजार दोनशे चौतीस होतो, भारतीय लोकेलने वाचला तर सव्वाहूनही किंचित कमी. आणि फ्रेंच लोकेलमध्ये अरुंद जागेऐवजी साधी जागा देऊन '१ २३४,५' असे टंकित केले, तर जावाची नेहमीची वाचनपद्धती पहिल्या एकावरच थांबून, कसलीही तक्रार न करता, उत्तर म्हणून एक हाती देते. जी चूक संगणक बोलून दाखवीत नाही, ती जमाखर्चात शिरून पुढे रुजवातीच्या वेळीच उघडकीस येते.

म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाने दफ्तरी साठवण आणि यंत्रायंत्रांतील देवघेव एकाच ठरीव रूपात ठेवावी, स्थानिक रूप केवळ मनुष्याच्या दृष्टीसाठी राखावे, आणि वाचताना लोकेल स्पष्ट सांगून सगळा मजकूर अखेरपर्यंत वाचला गेला की नाही याची खातरजमा करावी. लक्षावधींच्या हिशेबात एका बिंदूची हयगय ही क्षुल्लक बाब मानता येत नाही.