कोपीत राहणारं मूल बेघर आहे का?

'बेघर कुटुंबांतली मुलं' हा विषय घेतला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा फूटपाथ येतो. तुम्ही सातारा-सांगलीत हे काम करणार असाल, तर पहिल्याच पानावर अडाल. इथं बेघर म्हणायचं कुणाला?

आधी २०११ च्या जनगणनेची व्याख्या बघा. 'जनगणना घरा'त न राहता रस्त्याकडेला, फूटपाथवर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर उघड्यावर राहणारं कुटुंब ते बेघर. त्यांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झाली. देशभरात सुमारे १७.७ लाख माणसं निघाली.

फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे ऐन गळीत हंगाम. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, सोलापूर, नाहीतर सांगलीच्याच जत तालुक्यातून टोळ्या कराड, वाळवा, पलूस भागात उतरतात. कारखान्याच्या तळावर किंवा फडाशेजारी कोप्या पडतात. बांबूच्या कमानी, वर चटई नाहीतर ताडपत्री, वाकून आत शिरायचं. नळ, संडास बहुतेक ठिकाणी नाहीच. मार्च-एप्रिलात पट्टा पडला की सगळं गुंडाळून परत.

आता गंमत बघा. घरयादीच्या प्रश्नावलीत भिंत आणि छप्पर कशाचं, याला गवत, बांबू, प्लॅस्टिक असे पर्याय आहेत. म्हणजे कोपी 'घर' ठरू शकते आणि आतलं मूल बेघरांच्या आकड्यातून बाहेर पडतं. शिवाय गावाकडं त्याचं कुलूप लावलेलं घर आहेच. त्यामुळे सरकारी कागदावर ते 'स्थलांतरित'. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. बेघर म्हटलं की निवाऱ्याचा प्रश्न कुणाला तरी सोडवावा लागतो; स्थलांतरित म्हटलं की विषय शाळेच्या हजेरीपाशी येऊन थांबतो.

ऊसतोडीचा स्वतःचा हिशोब तर याहून कोरडा. तिथं माणसं मोजत नाहीत, 'कोयते' मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून मिळणारी उचल त्या जोडीची. पहाटे आईबाप फडात गेल्यावर तान्ह्याला सांभाळणारी, पाणी भरणारी आठ-नऊ वर्षांची पोर या हिशोबात शून्य. माझ्या मते तुमचा अभ्यास इथूनच सुरू व्हायला हवा.

शाळेचं काय? १९९० च्या दशकात कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू झाल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि भर जवळच्या नियमित शाळेवर आला. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं कायदा सांगतो. मूल गावीच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहंही आहेत. पण तिथं ठेवलेलं मूल आईबापांपासून पाच-सहा महिने तुटतं, ही किंमत तक्त्यात दिसत नाही.

अमेरिकेत १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. त्याच्या शिक्षणविषयक व्याख्येत रात्री झोपायला कायमची, नियमित आणि पुरेशी जागा नसलेलं मूल बेघर धरतात. हंगामी मजुरांची मुलंही या निकषात बसली तर त्यात येतात. तीन विशेषणांची ही कसोटी कोपीला लावून बघा. माझ्या हिशोबानं ती एकातही पास होत नाही.

पुराची आणि दरडीची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरानं सांगलीतली कुटुंबं शाळांत, मंगल कार्यालयांत येऊन राहिली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्या मुलांना बेघर म्हणायला कुणी हरकत घेत नाही, कारण घर गेल्याची तारीख सांगता येते. कोपीतल्या मुलाचं घर दरवर्षी सुटतं आणि तेही ठरल्या वेळी, म्हणून ते संकट वाटतच नाही.

मग प्रश्नावली कशी करायची? "तुझं घर कुठंय?" विचारलंत तर मूल गावाचं नाव सांगेल आणि तुमचा मुद्दा तिथंच निसटेल. त्यापेक्षा कालचा दिवस विचारा. काल रात्री कुठं झोपलास, शेजारी कोण होतं, पाणी कुणी आणलं, धाकट्याला कुणी घेतलं, अंधारात बाहेर जायची भीती वाटली का. नमुना नुसत्या शाळेच्या पटावरून काढू नका; पटावर नसलेलंच मूल तुम्हाला हवंय. एकाच मुलाला जमलं तर जूनमध्ये गावी आणि जानेवारीत तळावर, असं दोनदा भेटा. आणि मुकादमानं 'विचारा की' म्हणणं ही पालकांची संमती नव्हे. ती आईबापाकडून वेगळी घ्या, मुलालाही विचारा, आणि बोलताना मुकादम शेजारी नसेल हे बघा.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झालाय. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, पुन्हा कोप्या उभ्या असताना. आराखडा मंजूर व्हायला लागणारा वेळ धरला, तर तयारीला आत्ताच लागलेलं बरं.